किल्ली कुणाकडे? उत्तर नागपुरातल्या एका शालेय ग्रंथालयाचं प्रकरण

शाळा उत्तर नागपुरातली. मराठी माध्यम, अनुदानित, पाचवी ते दहावी, वरच्या वर्गांना सेमी-इंग्रजी. नाव लिहीत नाही, कारण इथे जे होतं ते शहरातल्या अनेक शाळांत थोड्याफार फरकाने असेल आणि एकाच शाळेकडे बोट दाखवणं अन्यायाचं ठरेल. मी इथे मराठी शिकवते. ग्रंथपालाचं पद अर्धवेळ होतं. मॅडम निवृत्त झाल्या, जागा भरली गेली नाही, आणि ग्रंथालयाचा प्रभार माझ्याकडे आला. त्यानंतर काय दिसलं, काय बदललं आणि काय अजून अडलेलं आहे, ते इथे सविस्तर मांडते आहे. अशाच खोलीची किल्ली ज्यांच्या हातात आहे, त्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल.

खोली आणि तिची रीत

खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून, चांगली मोठी. भिंतींना लोखंडी कपाटं. दोन काचेच्या दारांची, बाकीची पत्र्याची, सगळी कुलूपबंद. मधल्या लांब टेबलावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि लेझीमच्या पेट्या. दार उघडताच डांबर गोळ्यांचा वास यायचा. बाहेर दोन सूचना होत्या: शांतता राखा, आणि पुस्तक हरवल्यास दुप्पट किंमत वसूल केली जाईल.

मुलांपर्यंत पुस्तक पोचायची पद्धत अशी होती. वर्गशिक्षक वर्गाच्या पटाइतकी पुस्तकं एकगठ्ठा न्यायचे आणि हजेरी क्रमांकाप्रमाणे वाटायचे. पहिल्या क्रमांकाला वरचं पुस्तक, दुसऱ्याला त्याखालचं. पंधरा दिवसांनी तोच गठ्ठा परत. क्रिकेटसाठी जीव टाकणाऱ्या मुलाच्या वाट्याला संतचरित्र यायचं, आणि संतचरित्र मन लावून वाचली असती अशी मुलगी बुद्धिबळाच्या नियमांचं पुस्तक दप्तरात घेऊन फिरायची. यात कुणाचाही दुष्टपणा नव्हता. कपाटं कुलूपबंद असली की वाटपाची दुसरी सोयीची पद्धत सुचत नाही, एवढंच.

वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास होता, पण तो बहुधा गणिताचा किंवा विज्ञानाचा राहिलेला भाग पुरा करण्यात जायचा. मुलं मोकळी असायची ती मधल्या सुटीत, आणि तेव्हा खोली बंद असायची.

शिक्षकखोलीतली तीन कारणं

मुलं वाचत का नाहीत, यावर शिक्षकखोलीत तीन उत्तरं ठरलेली होती: मोबाईल, घरी वाचनाचं वातावरण नाही, आणि मुलांना धड वाचताच येत नाही. तिन्ही मी तपासून पाहिली. मोबाईलचं कारण खरं असलं तरी शाळेच्या आवारात मुलांकडे मोबाईल नसतो, म्हणून मधल्या सुटीतली रिकामी खोली त्यातून उलगडत नाही. तिसऱ्या कारणाकडे पुढे येते. दुसऱ्याने मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं, कारण ते चुकीचं निघालं.

सहावीच्या वर्गात मी विचारलं, घरी कोणकोणती पुस्तकं आहेत? आधी कुणीच बोललं नाही, कारण मुलांना वाटलं मी गाईड आणि वह्यांबद्दल विचारते आहे. मग एक जण म्हणाला, "दीक्षाभूमीवरून आणलेली चालतात काय मॅडम?" आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. ज्यांनी नागपुरात दसरा पाहिला आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तिथे दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात, आणि त्या गर्दीत पुस्तकांचे स्टॉल हा सोहळ्याचाच भाग असतो. रोजमजुरी करणारी माणसं परतीच्या गाडीचे पैसे बाजूला ठेवून उरलेल्यातून पुस्तकं घेतात. आमच्या कितीतरी मुलांच्या घरी बाबासाहेबांची चरित्रं, बुद्धाच्या गोष्टी, फुल्यांवरची, सावित्रीबाईंवरची छोटी पुस्तकं होती, आणि आजोबा किंवा आई ती मोठ्याने वाचून दाखवत होते. बाबासाहेबांच्या राजगृह या घरातला ग्रंथसंग्रह हा ज्या घरांत अभिमानाने सांगायचा विषय आहे, त्या घरांना आम्ही वाचनाचं वातावरण नसलेली घरं म्हणत होतो.

शाळेच्या कपाटांत यातलं फार थोडं होतं. म्हणजे वाचणारं घर आणि वाचनाची खोली दोन्ही होती, पण एकमेकांना ओळखत नव्हती.

खरी अडचण नोंदवहीत होती

कुलपं का, हे दाखल नोंदवही हातात घेतल्यावर कळलं. शाळेतलं प्रत्येक पुस्तक दाखल क्रमांकाने नोंदलेलं असतं, आणि व्यवहारात ते बाकांसारखं, पंख्यांसारखं मालमत्ता म्हणूनच मोजलं जातं. प्रभार बदलताना एकेक क्रमांक जुळवतात. जो जुळत नाही त्याची जबाबदारी जाणाऱ्यावर. आधीच्या मॅडमनी निवृत्तीच्या वेळी न सापडलेल्या पुस्तकांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले, कारण ना-देय प्रमाणपत्र अडलं तर निवृत्तिवेतनाचे कागद अडतात. वर्षानुवर्षं अर्ध्या पगारावर काम केलेल्या बाईने पोरांच्या हातून हरवलेल्या पुस्तकांचे पैसे भरावेत, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे समजल्यावर कुलपांचा अर्थ बदलला. पुस्तक बाहेर गेलं तर जोखीम, आत राहिलं तर शाबासकी. अशा व्यवस्थेत कोणताही शहाणा माणूस कपाट बंदच ठेवेल. रंगीत खुर्च्या, भिंतीवर चित्रं, वाचनकट्टा हे सगळं नंतरचं. किल्ली धरणाऱ्याला पुस्तक हरवण्याची मुभा नसेल, तर मुलांचं स्वागत कुणी करू शकत नाही.

ही भीती जुनीच आहे. युरोपात मध्ययुगात ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवत. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, तेव्हा पहिलाच नियम 'पुस्तकं वापरण्यासाठी आहेत' हा ठेवला आणि तो समजावताना त्या साखळ्यांची आठवण दिली. त्यांना हे वेगळं सांगावं लागलं, कारण जतन करणं म्हणजेच काम, अशी समजूत तेव्हाही पक्की होती.

उपाय शोधताना केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम २१५ हाती लागला. ग्रंथालयातून वर्षभरात दिलेल्या किंवा चाळायला घेतलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवणं वाजवी मानावं, असं तो म्हणतो. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. हजार रुपयांपेक्षा महाग पुस्तक किंवा कोणत्याही किमतीचं दुर्मीळ पुस्तक गेलं, तर चौकशी व्हायलाच हवी. हे नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहेत, आमच्या संस्थेला बंधनकारक नाहीत. पण संस्थेने हाच मापदंड स्वतःहून स्वीकारायला कुणाची आडकाठी नव्हती.

या नियमात एक फार चांगली गोष्ट आहे. हरवण्याची मुभा कपाटातल्या साठ्यावर ठरत नाही, देवघेवीवर ठरते. वर्षाला दोन हजार वेळा पुस्तकं दिली तर दहा हरवलेली चालतील. एकही दिलं नाही तर एकही हरवलेलं चालणार नाही. म्हणजे जो जास्त देतो त्याला संरक्षण जास्त. आमच्याकडे नेमकं उलट होतं.

मुख्याध्यापक सरांनी हा मुद्दा शाळा समितीपुढे ठेवला. एका सदस्याने विचारलं, "म्हणजे पुस्तकं हरवायला परवानगी द्यायची?" सरांनी शांतपणे सांगितलं की प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फुटतात, मैदानावर चेंडू हरवतात, त्यांचे पैसे आपण विज्ञानाच्या किंवा खेळाच्या सरांकडून घेत नाही. ठराव झाला. महागडे कोश आणि दुर्मीळ पुस्तकं काचेच्या दोन कपाटांत कुलपाखाली राहतील, तिथेच बसून बघायची. बाकी सगळी कपाटं उघडी. ठरलेल्या मर्यादेतल्या नुकसानीची वसुली कोणत्याही कर्मचाऱ्याकडून होणार नाही. कुणाला हे काम सुरू करायचं असेल तर इथूनच करा. ठराव नसताना नुसत्या उत्साहाने उघडलेली कपाटं पहिल्या पडताळणीनंतर पुन्हा बंद होतील.

निर्लेखन

कपाटं उघडल्यावर दिसलं की आत मुलांना द्यावं असं फार कमी आहे. बदललेल्या अभ्यासक्रमांची गाईडं, एकाच जुन्या पाठ्यपुस्तकाच्या ढिगाने प्रती, कसर लागलेले दिवाळी अंक. खगोलाच्या पुस्तकात प्लूटो अजून नववा ग्रह होता. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २००६ मध्ये त्याला ग्रहांतून वगळलं आहे. नकाशासंग्रहात छत्तीसगड नव्हतं. ते राज्य १ नोव्हेंबर २००० ला झालं. आमच्याकडे छत्तीसगडहून कामासाठी आलेल्या कुटुंबांतली मुलं आहेत. सातवीतली एक मुलगी त्या नकाशात आपल्या आजीचा जिल्हा शोधत होती आणि तिला तो मध्य प्रदेशात सापडला. तिने मला विचारलं, "मॅडम, नकाशा चुकला काय मीच चुकली?" शाळेतल्या पुस्तकामुळे मुलीला आपल्या घरच्या माहितीवर शंका यावी, यापेक्षा ते पुस्तक काढून टाकायला मोठं कारण लागत नाही.

निर्लेखनाची, म्हणजे निरुपयोगी पुस्तकं नोंदवहीतून रीतसर काढून टाकण्याची, रीत सोपी आहे, पण कागदावर नीट करावी लागते. तीन शिक्षकांची समिती, दाखल क्रमांकांसह यादी, प्रत्येक पुस्तकापुढे कारण, मुख्याध्यापकांची सही, शाळा समितीची मंजुरी, आणि मग नोंदवहीत लाल शाईने शेरा. काही सहकाऱ्यांना पुस्तक रद्दीत देणं मनापासून खटकलं. पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आहोत आपण. तो खटका मला समजतो. म्हणून घाई केली नाही. वेगळ्या काढलेल्या पुस्तकांचा ढीग बराच काळ शिक्षकखोलीत ठेवला, ज्याला जे वाचवावंसं वाटेल त्याने परत ठेवावं. थोडी परत आली, आणि ती यायलाच हवी होती. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असा शिक्का असलेली काही जुनी पुस्तकं मिळाली, नागपूर राजधानी होतं त्या काळातली. ती काचेच्या कपाटात गेली.

मुलांच्या शब्दांत मांडणी

विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे देण्याची मेल्विल ड्यूईची दशांश पद्धत १८७६ पासून चालत आली आहे आणि मोठ्या ग्रंथालयात तिच्याशिवाय पान हलत नाही. शाळेत मात्र तिची एक अडचण आहे. त्या पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. गोष्टी, कविता, नाटकं सगळं त्याखाली. त्यामुळे आमच्या बहुतेक पुस्तकांच्या पाठीवर एकच लांबलचक आकडा होता, आणि दहा वर्षांच्या मुलाला तो काहीच सांगत नव्हता. आकडे आम्ही पुसले नाहीत. ते आतल्या पानावर आणि नोंदवहीत आहेत. पाठीवर रंगीत पट्ट्या आल्या, आणि फळ्यांना नावं मुलांनी दिली: वाघ-बिबट-जंगल, भुताच्या गोष्टी, हसवणारी, क्रिकेट-कबड्डी, करून पाहा, बाबासाहेब-बुद्ध-फुले, हिंदी, आणि 'पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी'. शेवटचं नाव मात्र त्यांना काही दिवसांनी नको झालं. त्याबद्दल पुढे.

वाघाची फळी सगळ्यात जास्त झिजते. पेंच आणि ताडोबा जवळ असलेल्या शहरात हे साहजिक आहे. कुणाचे काका वन विभागात, कुणाचा मामा सफारीची जिप्सी चालवतो.

हिंदीच्या फळीवरून थोडा वाद झाला. मराठी शाळेत हिंदी गोष्टी कशाला, असा प्रश्न आला. मी स्वतः मराठीची शिक्षिका आहे आणि मराठीबद्दल कुणाहून कमी हळवी नाही. पण १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, इथल्या रस्त्यावर दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात, आणि ज्या मुलाच्या घरी हिंदी किंवा छत्तीसगढी आहे तो आधी हिंदीत वाचायची गोडी लावून घेईल तर मराठीच्या फळीपर्यंत चालत येईल. काही जण आले आहेत.

खर्च थोडाच झाला. पत्र्याच्या कपाटांची दारं वेल्डरकडून काढून घेतली, कडा घासून रंग दिला, आणि उघडे रॅक तयार झाले. सगळ्यात वरची फळी पाचवीच्या मुलांच्या हाताला लागत नाही, म्हणून तिथे काही ठेवत नाही. डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर पुस्तकं उभी, मुखपृष्ठ समोर. नुसती पाठ दिसणाऱ्या पुस्तकाला मोठा माणूस उचलतो, मूल क्वचितच. जागा जास्त लागते, पण निर्लेखनाने ती मोकळी झाली होती.

नवीन पुस्तकांसाठी पैसे जमवणं कठीण गेलं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावं असं स्पष्ट लिहिलं आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या पातळीप्रमाणे ५ हजार ते २० हजार रुपयांचं ग्रंथालय अनुदान मिळतं, पण तो मार्ग सरकारी शाळांसाठी. आम्ही माजी विद्यार्थ्यांकडे गेलो आणि सांगितलं की पैसे द्या, घरातली जुनी पुस्तकं देऊ नका. हे थोडं कठोर वाटेल, पण दान आलेल्या पुस्तकांनीच आधीची कपाटं भरली होती. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बालपुस्तकालय मालेतली पुस्तकं कमी किमतीची आणि टिकाऊ. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे, त्याची वर्गणी लावली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून अनेक भारतीय भाषांतल्या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत. त्या छापून, शिवून, जाड पुठ्ठा लावून घेतल्या. आणि दसऱ्यानंतर मुलांनी दीक्षाभूमीवरून काही पुस्तकं शाळेसाठी आणली. ती निवड पूर्णपणे त्यांची होती.

वेळ आणि ऊन

आमच्याकडे प्राथमिक सकाळी आणि माध्यमिक दुपारी भरते. ऑटो आणि व्हॅनची मुलं घंटेच्या बरीच आधी येतात, आणि सुटल्यावर ऑटोची वाट बघत कडुनिंबाखाली उभी असतात. हाच ग्रंथालयाचा वेळ. घंटेआधी अर्धा तास, मधली सुटी, आणि सुटल्यावर शेवटचा ऑटो जाईपर्यंत खोली उघडी राहते. बसायला आळीपाळीने एक शिक्षक आणि नववीची दोन मुलं. मुख्याध्यापकांनी ही पाळी कार्यभारात धरली, म्हणून ती टिकली. सेवाभावावर सोपवली असती तर दिवाळीपर्यंतही चालली नसती.

नागपुरात मार्च उजाडला की शाळा सकाळची होते आणि अकरानंतर मैदान ओस पडतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा वर जातो. एका पालकांनी जुना कूलर दिला. पहिल्याच आठवड्यात खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. एक सहकारी म्हणाले, "पोरं कूलरसाठी येतात, पुस्तकासाठी नाही." मला ते कारण उत्तम वाटतं. घामेजलेलं मूल थंड हवेसाठी आलं, बसलं, समोरचं पुस्तक उघडलं, एवढंच तर हवं होतं.

कूलरची एक काळजी मात्र घ्या. तो हवेत ओलावा सोडतो आणि पुस्तकांना बुरशी धरते. आमचा कूलर खिडकीत बसवला आहे, समोरची खिडकी उघडी असते, झोत बसणाऱ्यांवर येतो आणि रॅक आडबाजूला आहेत. पहिल्या पावसानंतर तो बंद. डांबर गोळ्यांची गरज उरली नाही. रोज हाताळल्या जाणाऱ्या, हवेशीर फळीवरच्या पुस्तकांना कसर फारशी लागत नाही.

विदर्भात शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या आसपास पुस्तकांशी संबंध तुटतो, आणि नेमका याच काळात मुलांना दुपारभर घरात बसावं लागतं. शेवटच्या पेपरच्या दिवशी आम्ही सुटीसाठी पुस्तकं देतो, एकाला पाच. परत येताना काही कमी होतात. ती मर्यादेत आहेत.

सावकाश वाचणारी मुलं

आता शिक्षकखोलीतलं तिसरं कारण. काही मुलांना खरंच अडखळत वाचता येतं, आठवी-नववीतही. 'पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी' ही फळी त्यांच्यासाठी होती, पण तिच्याजवळ ती फिरकत नव्हती. नववीच्या मुलाने सगळ्यांसमोर त्या फळीवरून चित्रांचं पुस्तक उचलणं म्हणजे आपली लाज आपणच दाखवणं.

वाट एका मुलानेच दाखवली. उंच, आडदांड, मागच्या बाकावरचा. खोलीत यायचा, पण कधी पुस्तक न्यायचा नाही. एकदा दारातून परत फिरून आला. "मॅडम, हे घरी नेऊ काय? लहान भावाले वाचून दाखवतो." पुस्तक चार ओळी आणि मोठं चित्र अशा बेताचं होतं. त्याचा भाऊ पहिलीत होता. पुढच्या आठवड्यात आणखी दोन नेली. मग मी त्याला विचारलं, पाचवीच्या मुलांना वाचून दाखवशील का? तो तयारी करून आला. घरी तीच पानं पुन्हा पुन्हा वाचलेली कळत होती.

तेव्हापासून शनिवारी मोठी मुलं पाचवीला गोष्ट वाचून दाखवतात. चांगल्या वाचकांना हे काम देत नाही, मुद्दाम. सोपं पुस्तक हातात धरायला, ते दहा वेळा वाचायला, शब्दांचा उच्चार विचारायला त्या मुलांना आता मानाचं कारण मिळालं आहे. फळीचं नाव बदलून 'धाकट्यांसाठी' केलं आणि तिथली पुस्तकं नववीची मुलं नेऊ लागली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं काय वाटत असेल तर हे.

जे सोडून द्यावं लागलं

दंड बंद केला. रोज रुपया म्हटलं तरी ज्याच्याकडे तो नाही तो पुस्तक लपवतो आणि पुन्हा खोलीत येत नाही. पुस्तक जातं, वाचकही जातो. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये उशिराचे दंड रद्द केले तेव्हा वर्षानुवर्षं घरी पडलेली पुस्तकं परत येऊ लागली होती. आमच्याकडे नियम एकच आहे: हरवलं तर येऊन सांगायचं. दारावरच्या दोन्ही सूचना काढल्या. सतरंजीवर बोलता येतं, खिडकीकडच्या टेबलांवर शांतता असते.

सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस, ही योजना वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, मोठ्या हौसेने सुरू झाली होती. मुलं पातळ पुस्तकं उचलून दुसऱ्या दिवशी परत करू लागली. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्र काढलं तर बक्षीस मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर स्वतःहून कमी चित्रं काढू लागली. वाचनाचंही तेच होताना डोळ्यांसमोर दिसत होतं. बक्षीस थांबवलं. प्रत्येक पुस्तकावर परीक्षण लिहिण्याची सक्तीही गेली.

विद्यार्थी ग्रंथालय समितीवर वर्गशिक्षक नेहमी पहिल्या पाचातली मुलं पाठवत. आता ज्याला यायचं तो येतो. त्यामुळे नोंदी गबाळ्या होतात, पण समितीतली मुलं आपापल्या मित्रांना ओढून आणतात.

अडलेलं

शाळा सुटल्यावरच्या वेळात मुली फार कमी असतात. त्यांचे ऑटो आधी निघतात, पायी जाणाऱ्यांना अंधाराआधी घरी पोचायचं असतं. मधल्या सुटीत सतरंजी मोठ्या मुलांनी व्यापलेली असते आणि मुली दारातून पुस्तक घेऊन निघून जातात. मधल्या सुटीचा एक दिवस फक्त मुलींसाठी ठेवून पाहावा, अशी सूचना विद्यार्थी समितीतल्या दोन मुलींनीच केली आहे. काही शिक्षकांना ते पटत नाही. मला वाटतं करून पाहावं, आणि मुलांना कारण नीट समजावून सांगावं.

दहावीची मुलं जवळपास येतच नाहीत. शिकवणी, सराव परीक्षा, पुन्हा शिकवणी. त्यांच्यासाठी आमच्याकडे अजून उपाय नाही.

ग्रंथपालाचं पद रिकामंच आहे. शिक्षकांच्या पाळ्यांवर चाललेली खोली एका बदलीने, एका निवडणूक कामाने, एका आजारपणाने बंद पडू शकते. मुलाला पुस्तक सुचवणं, कोणतं मूल बऱ्याच दिवसांत दिसलं नाही हे लक्षात ठेवणं, कसर लागण्याआधी फळी झाडणं हे एका माणसाचं पूर्ण वेळेचं काम आहे. मी ते मराठीच्या तासांमधून चोरून करते.

नुकसानीचा ठराव वर्षापुरता होता, म्हणून जूनच्या बैठकीत तो पुन्हा मांडायचा आहे. मजकूर तयार आहे. दर हजार देवघेवींमागे पाच ही मर्यादा कायमस्वरूपी करावी, पद भरलं जाईपर्यंत संस्थेने मानधनावर ग्रंथपाल नेमावा, आणि निवृत्त मॅडमनी भरलेली रक्कम त्यांना परत करावी, अशी त्यात तीन कलमं आहेत. तिसऱ्या कलमाखाली सह्या करायला शिक्षकखोलीतलं कुणीही मागे राहिलेलं नाही.